विश्लेषण : भाऊ दाजी लाड यांचे कुष्ठरोगावरील ‘गुप्त’ तेल खरोखर जंतुनाशक होते का?

भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारील वस्तुसंग्रहालयामुळे डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. शिलालेख वाचणारे संशोधक, मुलींच्या शिक्षणाचे पाठीराखे, दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले नागरिक अशी त्यांची ओळख करून दिली जाते. मात्र १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतील डॉक्टरमंडळींत आणि वर्तमानपत्रांत त्यांच्या नावाची चर्चा होती ती एका तेलामुळे. कुष्ठरोगावर आपल्याला गुणकारी औषध सापडले आहे, असा त्यांचा दावा होता. ते औषध कोणते, हे मात्र त्यांनी उघड केले नाही. ते तेल होते कोकण-गोव्याच्या ओढ्याकाठी वाढणाऱ्या एका झाडाचे. जंतूंवर त्याचा परिणाम होतो की नाही, याचे उत्तर मिळायला त्यांच्या मृत्यूनंतर आणखी शंभर वर्षे जावी लागली.

कोण होते भाऊ दाजी?

त्यांचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२०च्या दशकाच्या सुरुवातीचा, मूळ घर गोव्याच्या पेडणे भागातले. कुटुंब मुंबईला आले तेव्हा मुलाची बुद्धिबळातली चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली आणि त्याला इंग्रजी शाळेत धाडले, असे सांगितले जाते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण, तिथेच काही काळ अध्यापन आणि त्याच सुमारास कच्छ-काठियावाडातील बालहत्येवरच्या निबंधाला बक्षीस, इथपर्यंतचा प्रवास त्या काळच्या कुठल्याही हुशार मुलासारखा. वेगळे वळण आले १८४५ मध्ये. त्या वर्षी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि भाऊ दाजी मास्तरकी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या मोजक्या पदवीधरांत ते होते. १८५१ पासून त्यांनी मुंबईत डॉक्टरी सुरू केली. धाकटे बंधू नारायण दाजीही याच कॉलेजचे पदवीधर. दोघांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

त्यांचा व्याप पाहिला की दम लागतो. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते चिटणीस. वस्तुसंग्रहालयाच्या समितीवर जॉर्ज बर्डवुड यांच्यासोबत तेच चिटणीस. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत रुद्रदामनाचा गिरनारचा लेख, अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा काळ अशा विषयांवर ते निबंध वाचत. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात त्यांनी डॉक्टर म्हणून साक्ष दिली आणि वैष्णव महाराजांच्या आजाराबद्दल जे वैद्य म्हणून ठाऊक होते ते भर न्यायालयात सांगितले. बड्या धर्मगुरूविरुद्ध असे बोलायला त्या मुंबईत छाती लागत होती. पुढे १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात शेकडो मुंबईकरांप्रमाणे त्यांनाही मोठा फटका बसला. तरी १८६९ आणि १८७१ मध्ये ते शेरीफ झाले. यावरून शहरातले त्यांचे वजन कळते.

या सगळ्यात एक धागा औषधांचा. ते पाश्चात्त्य वैद्यक शिकले होते, शिवाय संस्कृत जाणत होते. त्यामुळे जुन्या वैद्यकग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण गायले आहेत त्या खऱ्याच उपयोगी पडतात का, हे रुग्णांवर पडताळून पाहण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ग्रंथात आहे म्हणून खरे, हे त्यांना मान्य नव्हते. देशी आहे म्हणून टाकाऊ, हेही नव्हते. त्या पिढीत ही भूमिका दुर्मीळच म्हणायची.

त्या काळी कुष्ठरोगाबद्दल काय समज होता?

महारोग, रक्तपिती या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचे कारण तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. नॉर्वेच्या डॅनिएल्सन आणि बोएक यांनी १८४७ मध्ये तो आनुवंशिक मानला होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने साम्राज्यभरातून माहिती मागवून १८६७ मध्ये अहवाल दिला, त्याचाही निष्कर्ष हाच की हा रोग संसर्गजन्य नाही. आहार सुधारावा, स्वच्छता राखावी, यापलीकडे सांगण्यासारखे त्यात फारसे नव्हते. जंतूमुळे रोग होतो ही कल्पना युरोपातही अजून रुजायची होती. ‘जंतुनाशक’ या शब्दाला आज जो अर्थ आहे, तो भाऊ दाजींच्या हाती नव्हता. त्यांच्यासमोर होते ते फक्त चट्टे, गाठी, बधिर झालेले हातपाय आणि झडलेली बोटे.

मुंबईत या रोगाचा शास्त्रीय अभ्यास करणारा आणखी एक माणूस होता, ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्राध्यापक हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातील मूळ चित्रे काढणारा तो हाच. कुष्ठरोग्यांच्या नसा कशा जाड होतात, बधिरपणा कुठून येतो, हे तो शवविच्छेदनातून आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत होता. म्हणजे एकाच शहरात, एकाच रोगाकडे दोन वाटांनी पाहणे चालू होते. एकाला रोग म्हणजे काय हे हवे होते, दुसऱ्याला त्यावर काय लागू पडते हे.

कडू कवठ म्हणजे काय?

कडू कवठ, कवटी, कष्टेल अशी या झाडाची मराठी नावे. खाण्याच्या कवठाशी त्याचे नाते फक्त दिसण्यापुरते. फळ तसेच गोल आणि कठीण सालीचे, पण ते खायचे नसते. पश्चिम घाटात आणि कोकणपट्टीत ओढ्या-नद्यांच्या काठी हे सदाहरित झाड वाढते. फळात गराच्या आत कोनदार बिया दाटीने बसलेल्या असतात. त्या फोडून आतल्या मगजाचे तेल काढतात. तेल जड, कडवट, उग्र वासाचे, थंडीत थिजणारे. मासे गुंगवून पकडण्यासाठीही या फळाचा वापर होत असे. त्वचेच्या चिवट विकारांवर हे तेल लावण्याची चाल किनाऱ्यावर जुनीच. वनस्पतिशास्त्रात या झाडाचा वंश हिडनोकार्पस.

संस्कृतात याला तुवरक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरकाचा जो भाग आहे तो आज वाचतानाही चकित करतो. हे झाड पश्चिम समुद्राच्या काठी होते, फळे पावसाळ्याच्या तोंडाशी गोळा करावीत, मगज काढून वाळवून घाण्यातून किंवा अन्य रीतीने तेल काढावे, ते आटवून पाणी उडवावे आणि मग पंधरवडाभर शेणाच्या ढिगात ठेवावे, असा सविस्तर विधी तिथे दिला आहे. तेल पोटात घेतल्यावर उलट्या-जुलाब होतात, मग पथ्य काय पाळायचे, हेही सांगितले आहे. ग्रंथकाराने झाडाचा पत्ता पश्चिम किनारा असा दिला आहे. पेडण्याच्या मुळाच्या, संस्कृत जाणणाऱ्या, मुंबईत डॉक्टरी करणाऱ्या माणसाला तो पत्ता शोधत दूर जावे लागणार नव्हते.

पूर्वेकडे याच वंशातले दुसरे झाड होते, चालमुग्रा. ब्रह्मदेश आणि चितगावच्या बाजूने त्याच्या बिया बाजारात येत. कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ मध्ये चालमुग्रा तेलाचा कुष्ठरोगावरील उपयोग प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाला त्याची ओळख झाली. बाजारातल्या चालमुग्र्याच्या बिया नेमक्या कोणत्या झाडाच्या, याबद्दलचा गोंधळ मात्र विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला. वनौषधीची चाचणी करताना पहिली पायरी झाडाची ओळख पक्की करण्याची असते. ती चुकली की पुढचे सारे आकडे दुसऱ्याच झाडाचे निघतात.

चाचणी कशी झाली आणि वाद कशाचा?

भाऊ दाजी कुष्ठरोग्यांना हे औषध देऊ लागले आणि काहींच्या अंगावरचे चट्टे फिकट पडल्याचे, गाठी बसल्याचे, संवेदना परतल्याचे बोलले जाऊ लागले. ही बातमी शहरात पसरायला वेळ लागला नाही. असाध्य मानल्या गेलेल्या रोगावर उपाय सापडला, तोही एका देशी डॉक्टरला आणि देशी वनस्पतीतून, याचा अनेकांना अभिमान वाटला. पण भाऊ दाजी औषधाचे नाव सांगायला तयार नव्हते. इथेच वादाला तोंड फुटले.

टीकाकारांचा मुद्दा साधा होता. गुप्त औषध विकणे हे वैदूचे लक्षण. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकवले गेले होते ते याच्या उलट. डॉक्टरने जे पाहिले ते सर्वांसमोर मांडावे, म्हणजे दुसरा डॉक्टर तेच करून पाहील. त्या कॉलेजच्या पहिल्या पदवीधरानेच हा नियम मोडावा, हे अनेकांना खटकले. समर्थक म्हणत की पुरती खात्री होण्याआधी नाव फोडले तर भेसळीचे आणि चुकीच्या मात्रेचे औषध गल्लोगल्ली विकले जाईल. ही भीती अगदी खोटी नव्हती. तरीही या वादात टीकाकारांचे पारडे जड आहे. ज्या माणसाने महाराजांचे झाकलेले न्यायालयात उघडे केले, ज्याने शिलालेखांचे ठसे विद्वानांपुढे तपासणीसाठी ठेवले, त्याने रोग्यांच्या बाबतीत झाकपाक करावी, हे त्यांच्या बाकीच्या आयुष्याशी जुळत नाही.

तुलनेसाठी त्याच काळातले दुसरे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अंदमानात पोर्ट ब्लेअरला डॉ. डुगल यांनी १८७३ च्या सुमारास गर्जन तेल कुष्ठरोगावर वापरले आणि पद्धत उघडपणे जाहीर केली. सरकारने ते ठिकठिकाणी पाठवले, अनेक दवाखान्यांत वापरून पाहिले गेले आणि काही वर्षांतच अपेक्षाभंग होऊन ते मागे पडले. म्हणजे निरुपयोगी औषध उघड असल्यामुळे लवकर बाद झाले, आणि उपयोगी औषध झाकलेले असल्यामुळे सिद्धही झाले नाही, बादही झाले नाही.

३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी गेले. त्यांचे औषध हे कवटीचे तेल होते, अशी नोंद पुढे वनौषधींच्या साहित्यात आली. त्यांचे विद्वत्तेचे लेखन १८८८ मध्ये संग्रहरूपाने प्रसिद्ध झाले. शिलालेखांवरचा माणूस अशा रीतीने पुस्तकात टिकला. रोग्यांच्या नोंदींचे तसे पुस्तक झाले नाही.

रुग्णाला बरे वाटले म्हणजे औषध लागू पडले का?

नाही, आणि कुष्ठरोगात तर मुळीच नाही. हा रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो. काहींची प्रतिकारशक्ती चांगली असते, त्यांचा एखाददुसरा चट्टा औषधाविनाही जातो. काहींना मधूनच उसळी येते आणि ओसरते. ओसरण्याच्या काळात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळते. औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या सारख्या रुग्णांची तुलना केल्याशिवाय या दोहोंत फरक करता येत नाही. तशा नियंत्रित चाचण्यांची रीत १८६०च्या दशकात जगात कुठेच नव्हती. त्यामुळे त्याबद्दल एकट्या भाऊ दाजींना बोल लावणे अन्यायाचे होईल. आपल्या नोंदी, मात्रा आणि औषधाचे नाव इतरांना देणे एवढे त्यांच्या हाती होते.

उरला प्रश्न जंतूचा. गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन यांना नॉर्वेतील बर्गन येथे कुष्ठरोग्यांच्या गाठींत काडीसारखे जीवाणू दिसले ते १८७३ मध्ये, भाऊ दाजींच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. त्याच सुमारास मुंबईचे कार्टर नॉर्वेला जाऊन तिथल्या कुष्ठालयांची पाहणी करून आले. भाऊ दाजींचे तेल कोणाविरुद्ध लढत होते याचे उत्तर त्यांच्या शेवटच्या वर्षात जगाला मिळू लागले होते.

प्रयोगशाळेने काय सांगितले?

वनस्पतीत जंतूंना रोखण्याची शक्ती आहे का, हे तपासण्याची आजची नेहमीची रीत सोपी आहे. काचेच्या बशीत अगार नावाचा जेलीसारखा थर ओतायचा, त्यावर जीवाणू पसरायचे, वनस्पतीच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती मध्ये ठेवायची आणि रात्रभर उबेत ठेवायचे. चकतीभोवती जीवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले की अर्कात काहीतरी आहे. शेजारी नुसत्या द्रावकाची एक चकती ठेवावी लागते, नाहीतर अल्कोहोलने मारलेले जंतू झाडाच्या खात्यावर जमा होतात. मग कमीत कमी किती मात्रेत वाढ थांबते, हे मोजायचे. महाविद्यालयांतून तुळस, कडुनिंब, हळद यांच्यावर असे शेकडो प्रकल्प होतात. त्यात तपासले जातात ते बहुधा पू करणारे स्टॅफिलोकोकस आणि आतड्यातले ई-कोलाय.

कवटीचे तेल या परीक्षेत नापास होण्याचीच शक्यता जास्त. त्याचे कारण त्याच्या रसायनात आहे. १९०४-०५ मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर आणि सहकाऱ्यांनी चालमुग्रा आणि कवटी या दोन्ही तेलांची फोड केली. त्यांत दोन मेदाम्ले सापडली, चालमुग्रिक आणि हिडनोकार्पिक. साध्या खाद्यतेलातील मेदाम्ले म्हणजे कार्बनची सरळ साखळी. इथे साखळीच्या शेपटाला पाच कार्बनांचे कडे होते. पूर्वेचे झाड आणि कोकणातले झाड वेगळे असले तरी काम करणारा माल सारखाच निघाला. १९२० मध्ये अमेरिकन संशोधक वॉकर आणि स्वीनी यांनी या आम्लांची जीवाणूंवर परीक्षा घेतली. निष्कर्ष असा की क्षय आणि कुष्ठरोगाचे जंतू ज्या मेणचट कवचाच्या गटात मोडतात त्या गटावर ही आम्ले प्रभावी आहेत, इतर जीवाणूंवर नाहीत. स्टॅफिलोकोकसच्या बशीत हे झाड तपासणाऱ्याला वर्तुळ दिसणार नाही आणि तो सुश्रुताला खोटे ठरवून मोकळा होईल.

पण खुद्द कुष्ठरोगाच्या जंतूचे काय? तो बशीत वाढतच नाही. हॅन्सनपासून आजवर कोणालाही तो कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. शिवाय तो कमालीचा मंद. ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला साधारण दोन आठवडे लागतात. वाट सापडली ती १९६० मध्ये. अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या पंजाच्या गादीत हा जंतू टोचून वाढवून दाखवला. उंदराला औषध द्यायचे, महिनोन् महिने थांबायचे आणि पंजातले जंतू मोजायचे, अशी ही चाचणी.

मग हे तेल आज का वापरत नाहीत?

मधल्या काळात त्याची चांगली वर्षे येऊन गेली. पोटात घ्यावे तर ओकारी, टोचावे तर दाट तेल जिरत नाही आणि गळू होते, ही अडचण हवाईतील तरुण रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅलिस बॉल यांनी सोडवली. तेलातील आम्लांपासून त्यांनी पातळ, टोचण्याजोगी एथिल एस्टरे तयार केली. १९१६ च्या अखेरीस, अवघ्या २४ व्या वर्षी त्या वारल्या आणि त्यांचे काम काही वर्षे दुसऱ्याच्या नावावर खपले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स याच आम्लांच्या क्षारांवर काम करत होते. दोन महायुद्धांच्या दरम्यान भारतातील कुष्ठालयांत हिडनोकार्पस तेलाची इंजेक्शने हा नेहमीचा उपचार होता. मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये कुष्ठालय उभे राहिले होते, ते पालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने. (शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच.)

१९४१ मध्ये अमेरिकेत कारव्हिल येथे गाय फॅगेट यांनी प्रोमिन हे सल्फोन वर्गातील औषध कुष्ठरोग्यांना दिले आणि चित्र पालटले. पाठोपाठ डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि वेदनादायक इंजेक्शने दशकभरात हद्दपार झाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांचा एकत्रित उपचार सुचवला. आज तो सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो आणि सहा महिने ते वर्षभरात रुग्ण बरा होतो. कडू कवठाचे तेल त्याला पर्याय नाही. ते पोटात घेणे त्रासाचे आहे, आणि त्याच्या नादी लागून गेलेल्या महिन्यांत नसांची जी हानी होते ती पुन्हा भरून येत नाही.

तेल वापरातून गेल्यावरही शास्त्रज्ञांचे कुतूहल शिल्लक होते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील लुई लेव्ही यांनी ही आम्ले उंदराच्या पंजाच्या चाचणीत उतरवली. आम्ल दिलेल्या उंदरांत कुष्ठरोगाच्या जंतूची वाढ खरोखर रोखली गेली. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला १९७५ मध्ये. त्याच वर्षी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.